वन आरकेमध्ये चिलटशास्त्र: नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका नालासोपाऱ्याच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला वन आरकेत राहणाऱ्या, विरारहून आधीच भरून आलेल्या लोकलमध्ये रोज उभ्याने जाणाऱ्या आणि दहावीनंतर विज्ञानाशी बोलणं टाकलेल्या माणसासाठी आहे. ही वाचून डिग्री मिळणार नाही. डीएनएच्या ज्या भागापासून एकही प्रथिन बनत नाही, त्या भागाबद्दल थोडा आदर वाटू लागला तरी पुष्कळ झालं. लागणारा वेळ: पावसाळ्यातला एक रविवार. खर्च: अर्धा डझन केळी. परवानगी फक्त घरच्यांची घ्या; बाकीच्यांना आपोआप कळतं.

साहित्य

वसई तालुक्यात राहून केळी कुठून आणायची हे विचारायची वेळ कुणावर येऊ नये. स्टेशनबाहेरच्या गाडीवरची चालतील, पण शक्यतो सोपारा गाव, निर्मळ, आगाशीकडच्या वाड्यांतून टोपली घेऊन येणाऱ्या मावशींकडून वेलची केळी घ्या. पिवळीधमक नकोत. काळे डाग पडून साल सुटायला आलेली हवीत. संवाद साधारण असा होतो:

“मावशी, एकदम पिकलेली द्या. सडायला आलेली असली तरी चालतील.”

“सडकी कशाला रे बाबा? ही घे, ताजी आहेत, गोड आहेत.”

“खायला नकोत. चिलटांसाठी पाहिजेत.”

“चिलटांसाठी केळी विकत घेतोस? मग माझ्या टोपलीवरची चिलटंच ने की. फुकट देते.”

हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक आहे. तरी केळी घ्या, सकाळपासून बसलेल्या बाईला भवानी होते.

सुकेळी आणू नका. आगाशीकडे राजेळी केळी उन्हात सुकवून करतात ती सुकेळी महाग असतात आणि चिलटांना त्यांचा उपयोग नाही. त्यांना फळापेक्षा फळावर चढलेलं यीस्ट हवं असतं. त्यासाठी ओल लागते, आंबूस वास लागतो. सुकेळी तुम्ही खा.

बाकी काचेची बरणी, कापसाचा बोळा, वहीचा एक कागद आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. वस्ती पुढे चालवायची असेल तर मक्याचं पीठ, गूळ, बेकरीचं यीस्ट आणि चायना ग्रास पाण्यात शिजवून बरणीच्या तळाशी बोटभर ओता. नोबेल मिळालेल्या चिलटांचा स्वयंपाकही जवळपास ह्याच सामानाचा होता. प्रयोगशाळेत बुरशी धरू नये म्हणून त्यात प्रोपिऑनिक आम्ल घालतात. ते घरी आणू नका. घरी बुरशी धरली की बरणी बदला.

पकडणे आणि ओळखणे

केळ्याचे दोन तुकडे बरणीत टाका, कागदाचं नरसाळं करून तोंडावर बसवा आणि बरणी ओट्यावर ठेवून झोपा. जुलै-ऑगस्ट असेल तर सकाळी पाहुणे हजर असतात. आत शिरायला त्यांना जमतं, बाहेर पडायला जमत नाही. नरसाळं काढून कापसाचा बोळा बसवा.

आता छाननी. बाथरूमच्या जाळीवर बसणारी करडी, केसाळ, पंख पसरून चिकटून राहणारी माशी आपली नव्हे, तिला सोडून द्या. आंबा-पेरू-काकडीला डंख मारून आत अंडी घालणारी आणि जिच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ बागेत टांगतात ती फळमाशीही नव्हे. तिचं कूळ वेगळं, आकार मोठा आणि शेतकऱ्याशी वैर खरं. आपल्याला हवं ते चिलट जेमतेम तीन मिलिमीटरचं, मधासारख्या रंगाचं आणि लालभडक डोळ्यांचं असतं. जगभरच्या प्रयोगशाळांत असतं ते ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. तुमच्या बरणीत त्याचे चुलतभाऊही असतील, ड्रोसोफिला अनानासे तर आपल्या घरांतून सर्रास आढळतं. आजच्या कामाला सगळे चालतील.

बरणी दोन-तीन मिनिटं फ्रिजरमध्ये ठेवा. थंडीने चिलटं निपचित पडतात, मरत नाहीत. फ्रिज उघडणाऱ्याला आधी सांगून ठेवा. मग ती पांढऱ्या कागदावर ओता आणि भिंग लावा. ज्याच्या पोटाचं टोक काळं तो नर. मादी जरा मोठी, पोटावर शेवटपर्यंत पट्टे.

मागची दांडी

इथे घाई करू नका. सगळी मार्गदर्शिका ह्याच एका अवयवासाठी लिहिली आहे.

कीटकाच्या छातीचे तीन खंड असतात आणि प्रत्येकाला पायांची एकेक जोडी. मधल्या खंडाला पंख. तिसऱ्या खंडाकडे, पंख जिथे अंगाला जोडलाय त्याच्या जरा मागे बघा. फिकट पिवळी, टोकाला गोल गाठ असलेली एक बारीक दांडी दिसेल. दुसऱ्या बाजूलाही तशीच. ह्यांना हॉल्टेर म्हणतात. उडताना त्या पंखांच्या उलट दिशेने हलतात आणि आपण कुठे कलंडतोय, कुठे गिरकी घेतोय हे चिलटाला सांगतात. त्या काढल्या तर माशीला हवेत तोल सांभाळता येत नाही. काढून बघू नका. हा प्रयोग अठराव्या शतकातच झालेला आहे, आणि निष्कर्ष तेव्हापासून बदललेला नाही.

मधमाशीला त्याच जागी पंखांची दुसरी जोडी असते. रेशमाच्या पतंगालाही. म्हणजे माशीच्या पूर्वजांना चार पंख होते आणि मागचे दोन आटून ह्या दांड्या झाल्या. तिसऱ्या खंडात “इथे पंख नको, दांडी कर” हे ठरवणारं जनुक म्हणजे अल्ट्राबायथोरॅक्स, रोजच्या बोलण्यात यूबीएक्स.

१९१५ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात कॅल्विन ब्रिजेस यांना एक विचित्र चिलट सापडलं. त्याच्या दांड्या पंखांकडे झुकल्या होत्या. एडवर्ड लुईस यांनी पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ह्या घराण्याच्या संकरात उभी हयात घालवली आणि दोन-तीन बिघाड एकाच चिलटात एकत्र आणून पूर्ण चार पंखांचं चिलट तयार केलं. त्याचा फोटो जीवशास्त्राच्या पुस्तकांत हमखास असतो. बिचाऱ्याला त्या पंखांनी नीट उडता येत नाही, पण लुईसना १९९५ मध्ये नोबेल मिळालं, क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाऊस यांच्या बरोबरीने.

आता नवशिक्यांसाठी प्रश्न. चार पंखांच्या चिलटात नेमकं काय मोडलं होतं?

तुम्ही म्हणाल, यूबीएक्स जनुकाचा मजकूर बिघडला असणार, प्रथिन चुकीचं बनलं असणार. शंभरातले नव्वद लोक हेच म्हणतात. १९८३ मध्ये वेलकम बेंडर आणि सहकाऱ्यांनी तो डीएनए उलगडून पाहिला. प्रथिनाच्या मजकुराला धक्काही लागला नव्हता. एका बिघाडात ‘जिप्सी’ नावाचा, डीएनएमध्ये इकडून तिकडे उड्या मारणारा तुकडा प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात येऊन घुसला होता. दुसऱ्या बिघाडात १७ हजार अक्षरं गायब होती, तीही तशाच भागातली. लुईस ज्या पट्ट्यावर काम करत होते तो साधारण ३ लाख अक्षरांचा आहे आणि त्यात प्रथिनं बनवणारी जनुकं फक्त ३. उरलेल्यातला बराचसा भाग कुठे, केव्हा आणि किती ह्या सूचनांचा आहे. प्रथिन शाबूत, सूचना गहाळ, आणि दांडीच्या जागी पंख.

इथे चहा घ्यायला हरकत नाही. केळी झाकून ठेवा.

रिकामी जागा कशी वाचावी

आधी थोडा हिशेब. चिलटाच्या डीएनएची वाचता येण्याजोगी सुमारे १२ कोटी अक्षरं मार्च २००० मध्ये जाहीर झाली. अक्षरं चारच: ए, सी, जी, टी. प्रथिनं बनवणारी जनुकं १४ हजारांच्या आसपास. माणसाची अक्षरं ३०० कोटींच्या वर, जनुकं मात्र २० हजारांच्या घरात. आपल्या आणि चिलटाच्या जनुकांत सहा हजारांचा फरक, ही बातमी ज्यांना मानवजातीचा अभिमान होता त्यांना जड गेली. माणसाच्या डीएनएत प्रथिनाचा मजकूर दीड टक्क्याच्या आसपास भरतो. बाकीच्याला १९७२ मध्ये सुसुमू ओहनो यांनी ‘जंक’ म्हटलं आणि भंगारवाल्याचं ते लेबल पुढची कित्येक वर्षं निघालं नाही.

ह्या भंगारात कामाची वस्तू ओळखायची कशी, हे शिकण्यासाठी अंड्यापासून सुरुवात करा.

केळ्याच्या मऊ झालेल्या भागावर भिंग धरा. अर्ध्या मिलिमीटरची पांढरी अंडी दिसतील. नीट पाहिलं तर एका टोकाजवळ दोन बारीक धागे वर आलेले असतात. अंडं लगद्यात बुडालं तरी हवा मिळत राहावी म्हणून ते असतात. अंडं घातल्यापासून तीन तास होत आले की आत सुमारे सहा हजार केंद्रकं पृष्ठभागाला लागून रांगेत उभी राहतात. पेशींच्या भिंती अजून पुऱ्या पडलेल्या नसतात. तुम्हाला भिंगातून ह्यातलं काहीही दिसणार नाही. बघत राहायला हरकत नाही, शास्त्रज्ञांचाही बराच वेळ असाच जातो.

प्रयोगशाळेत रंग लावून पाहिलं तर त्या वयाच्या अंड्यावर आडवे सात पट्टे दिसतात. ‘ईव्हन-स्किप्ड’ हे जनुक ह्या सात पट्ट्यांतच चालू असतं, मधल्या जागांत बंद. पुढे शरीराचे जे खंड होतात त्यांची ही पहिली आखणी. वाटतं की सात पट्टे काढणारी एकच युक्ती असेल. तशी ती नाही. पहिल्या पट्ट्याची सूचना वेगळी, दुसऱ्याची वेगळी, पाचव्याची वेगळी. तिसरा-सातवा आणि चौथा-सहावा मात्र जोडीने एकेक सूचना वापरतात. ईव्हन-स्किप्डच्या प्रथिनाचा मजकूर साधारण ११०० अक्षरांचा, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्या सूचना साधारण १६ हजार अक्षरांत मावलेल्या. अशा सूचनेच्या तुकड्याला एन्हान्सर म्हणतात.

दुसऱ्या पट्ट्याचा एन्हान्सर ह्या शास्त्रातला मानाचा गणपती आहे. १९९१-९२ मध्ये स्टीव्ह स्मॉल, माइक लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी तो कापत कापत ४८० अक्षरांपर्यंत आणला. एवढ्या तुकड्यावर चार वेगवेगळी प्रथिनं येऊन बसतात, डझनभर जागांवर. त्यातली दोन, बायकॉइड आणि हंचबॅक, “चालू कर” म्हणणारी. बायकॉइडचा संदेश आईनेच अंड्याच्या डोक्याकडच्या टोकाला ठेवलेला असतो, त्यामुळे ते तिथे दाट आणि मागे जावं तसं विरळ. हंचबॅक पुढच्या अर्ध्या भागात. उरलेली दोन, जायंट आणि क्रुपल, “बंद” म्हणणारी. जायंट दुसऱ्या पट्ट्याच्या पुढच्या बाजूला, क्रुपल अंड्याच्या मधोमध. जिथे पहिली दोन पुरेशी आहेत आणि नंतरची दोन नाहीत अशी जागा उभ्या अंड्यात एकच अरुंद पट्टी उरते. तिथे दुसरा पट्टा उमटतो. जायंट बसायच्या जागा मोडल्या की पट्टा पुढच्या बाजूला पसरतो, अगदी अपेक्षेप्रमाणे. पुरावा म्हणून ह्या तुकड्याला जिवाणूचं एक जनुक जोडून ते चिलटाच्या डीएनएत घातलं आणि अंडं रंगवलं. नेमक्या त्या जागी निळा पट्टा आला. एन्हान्सरला आपल्यापुढे कुणाचं जनुक आहे ह्याचं सोयरसुतक नसतं. तो वेळ आणि जागा पाळतो.

माझं मत विचाराल तर जीवशास्त्रात इतकं स्वच्छ, इतकं वाचता येण्यासारखं दुसरं फार थोडं आहे.

गृहपाठ, आणि तो का जमत नाही

उत्साह चढला असेल तर घरी कॉम्प्युटरवर करा. बायकॉइड ज्या अक्षरांवर बसतं ती माहीत आहेत: टी-ए-ए-टी-सी-सी. सोपं आहे, असं म्हणून तुम्ही चिलटाचा अख्खा डीएनए उतरवून घ्याल आणि ही सहा अक्षरं शोधायला लावाल. चार अक्षरांचे सहा-सहाचे गट ४०९६ होतात. म्हणजे नुसत्या योगायोगाने दर ४०९६ अक्षरांमागे एकदा हा शब्द येणारच. १२ कोटी अक्षरं आणि डीएनएचे दोन्ही धागे धरले तर ढोबळ मानाने पन्नास हजारांहून जास्त ठिकाणी. ह्यातल्या फार थोड्या जागा कामाच्या असतात.

यूबीएक्सची स्थिती ह्याहून वाईट. ते ज्यावर बसतं त्याचा गाभा म्हणजे टी-ए-ए-टी, चारच अक्षरं, दर २५६ अक्षरांमागे एकदा. अर्नाळ्याच्या बसमध्ये “पाटील!” अशी हाक मारून बघा आणि किती माना वळतात ते मोजा. यूबीएक्सला रोज तेवढ्याच माहितीवर नेमका पाटील शोधून काढायचा असतो. यूबीएक्स हे एकट्याने करत नाही. शेजारी आणखी कोणतं प्रथिन बसलंय, हाकेच्या जागा किती जवळजवळ आहेत, डीएनएची गुंडाळी त्या पेशीत तिथे उघडी आहे की घट्ट मिटलेली, ह्या सगळ्याचा मिळून निर्णय होतो. म्हणून नुसती अक्षरं शोधणारा नवशिका शेवटी हात टेकतो.

दुसरा धक्का. मेलानोगॅस्टरचा दुसऱ्या पट्ट्याचा एन्हान्सर आणि त्याच्या एका दूरच्या नातलगाचा, ड्रोसोफिला सूडोऑबस्क्युराचा एन्हान्सर शेजारी ठेवले तर शुद्धलेखन बरंच वेगळं दिसतं. काही जागा आहेत, काही नाहीत, मधलं अंतर बदललेलं. तरी दोघांचा पट्टा जागच्या जागी. २००० साली मार्टिन क्राइटमन यांच्या गटाने दोघांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडून पाहिले. जोडलेल्या तुकड्याचा पट्टा बिघडला. म्हणजे दोन्ही बाजूंनी चुका झाल्या होत्या आणि प्रत्येकाने आपापल्या घरात त्या भरून काढल्या होत्या. दुसऱ्याच्या घरातली अर्धी वस्तू मात्र आपल्या घरात बसेना. हे वाचून ज्यांना आपला संयुक्त कुटुंबातला अनुभव आठवेल त्यांनी तो पुढे चालवू नये, विषय लांबेल.

दादरला उतरून पुण्याला जाणे

घरच्या बरणीने एवढंच होतं. पुढचं पाहायचं असेल तर प्रयोगशाळा लागते, आणि ती फार लांब नाही. चर्चगेटला उतरून बसने नेव्हीनगरला गेलात की टाटा मूलभूत संशोधन संस्था. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये तिथे जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढे चिलटांना हात घातला. १९७८ मध्ये त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्स यांनी चिलटांच्या वास-चवीच्या ज्ञानाचा जनुकांच्या बाजूने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. भारतात आज जे चिलटांवर काम करतात त्यांच्यातल्या अनेकांची वंशावळ ह्या इमारतीत येऊन पोचते.

आपल्या मागच्या दांडीचं काम मात्र पुण्याला झालं. पाषाणला आयसर आहे, भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. तिथे एल. एस. शशिधर यांच्या गटाने वर्षानुवर्षं एकच प्रश्न धरून ठेवला: मधमाशीकडेही यूबीएक्स आहे, रेशमाच्या पतंगाकडेही आहे, दोघांच्या तिसऱ्या खंडात ते चालूही असतं, मग त्यांचे मागचे पंख का आटले नाहीत?

नवशिक्याला वाटेल की त्यांचं यूबीएक्स प्रथिनच कमजोर असणार. म्हणून त्यांनी मधमाशीचं यूबीएक्स चिलटात घातलं. रेशमाच्या पतंगाचंही घातलं. दोन्ही प्रथिनांनी चिलटात पंखाची वाढ बिनतक्रार दाबली. म्हणजे प्रथिनात खोट नव्हती. ज्या मधमाशीच्या अंगात ते चारही पंख सुखाने वाढू देतं, तेच प्रथिन चिलटाच्या अंगात गेल्यावर पंख आवरायला लागतं.

मग त्यांनी तिन्ही कीटकांत यूबीएक्स डीएनएवर नेमकं कुठे कुठे बसतं ते शोधलं. २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये ते छापून आलं. बहुतेक जागा ज्याच्या त्याच्या निराळ्या निघाल्या. पण पंख घडवणारी बरीच जनुकं तिघांतही यूबीएक्सच्या यादीत होती, ३० कोटी वर्षांपासून. फरक असा की चिलटात त्यांतली अनेक जनुकं पंखात एका प्रमाणात चालतात आणि दांडीत दुसऱ्या प्रमाणात. मधमाशीच्या आणि पतंगाच्या पुढच्या-मागच्या पंखांत तसा फरक पडत नाही. जनुकं तीच, प्रथिन तेच, त्यावर बसणंही तेच. बदल झालाय तो, निदान काही प्रमाणात, त्या जनुकांच्या शेजारच्या नियामक अक्षरांत. तिथे बसल्यावर काय करायचं, हे त्या अक्षरांनी ठरवलं.

कागदावर पडलेलं चिलट एव्हाना उठायला लागलं असेल. उडण्याआधी ते मागच्या पायांनी पंख साफ करतं. तेवढ्या वेळात दांडी आणखी एकदा बघून घ्या.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक जुनी: प्रथिन बनत नाही म्हणजे भंगार. दुसरी चूक नवी आणि जास्त उत्साही: आता सगळंच कामाचं. २०१२ मध्ये ‘एन्कोड’ नावाच्या मोठ्या प्रकल्पाने माणसाच्या डीएनएतला ८० टक्के भाग काहीतरी काम करतो असं जाहीर केलं आणि बरीच वर्तमानपत्रं भंगाराचं श्राद्ध घालून मोकळी झाली. ‘काम’ ह्या शब्दाची त्यांची व्याख्या इतकी सैल होती की अनेक शास्त्रज्ञांनी तिथेच हरकत घेतली. एखाद्या तुकड्यावर एखादं प्रथिन येऊन बसलं, एवढ्याने तो तुकडा कामाचा ठरत नाही. काढून बघावं लागतं, बिघडवून बघावं लागतं. चिलटाचं मोल इथे आहे. त्याच्यात ते करता येतं, दहा दिवसांत पुढची पिढी मिळते आणि त्याच्या बाजूने कुणी मोर्चा काढत नाही.

तिसरी चूक म्हणजे बरणीला बोळा नीट न लावणे. ह्यावर जास्त लिहीत नाही.

शेजारचे काका विचारतात तेव्हा

ते विचारणारच. “ह्याचा उपयोग काय?” उत्तर देताना आवाज चढवू नका. त्यांना आपल्याच जिल्ह्यातलं सांगा.

पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्या आजारात मोठेपणीचं हिमोग्लोबिन बिघडलेलं असतं. आईच्या पोटात असताना आपण दुसरंच हिमोग्लोबिन वापरतो आणि ते ठीक असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ बंद होतं. बंद करणाऱ्यांतलं एक महत्त्वाचं जनुक बीसीएल११ए. ते सरसकट मोडलं तर शरीरात दुसरीकडे त्याची कामं अडतात. पण त्याच जनुकाच्या पोटात, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात, फक्त तांबड्या पेशींच्या वंशात काम करणारा एक एन्हान्सर आहे. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून क्रिस्पर ह्या डीएनए कापणाऱ्या साधनाने नेमक्या त्या जागी कापलं आणि पेशी परत दिल्या की तांबड्या पेशींपुरतं बीसीएल११ए थंडावतं आणि आईच्या पोटातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. हा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला, अमेरिकेने डिसेंबरमध्ये. चार पंखांच्या चिलटात जे अपघाताने घडलं होतं, जनुक शाबूत आणि एका जागेपुरती सूचना बंद, ते इथे जाणूनबुजून केलंय.

मंजुरीच्या वेळी अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर लावली गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने १८ कोटी रुपयांच्या आसपास. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरच्या मुलाला ती परवडणार नाही, आणि भारताने १ जुलै २०२३ ला सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर तपासणी आणि समुपदेशनावर आहे. हे काकांना सांगाच. तुमचा प्रश्न चुकीच्या शास्त्राला विचारलाय, तो किमतीला विचारा, असंही सांगा.

पुढचा अभ्यास

चिलटं सोडून द्यायची असतील तर गच्चीवर सोडा, जिन्यात नको. बरणीत अळ्या राहिल्या असतील, तेव्हा ती उकळत्या पाण्याने धुवा.

मोबाइलवर फ्लायबेस हे चिलटाच्या जनुकांचं संकेतस्थळ उघडा. ते फुकट आहे, जगभरचे चिलटवाले तेच वापरतात. शोधायच्या जागी यूबीएक्स लिहा आणि नकाशा मोठा करा. प्रथिनाच्या मजकुराचे मोजके ठोकळे दिसतील, मध्ये लांबच लांब रेषा. ठोकळ्यांवर बोट ठेवू नका. रेषेवर ठेवा आणि डावी-उजवीकडे सरकवत जा. वसई ते बोरिवली एवढ्या वेळात पहिली फेरी होते. बसायला जागा मिळाली तर दोन.